खळी

प्रबीरदांची सकाळ भवानीपूरच्या फुटपाथवर जायची आणि दुपार टॉलीगंजच्या स्टुडिओत. हातरिक्षावाले, मासळीवाल्या, नट्या, सगळ्यांचे फोटो त्यांनीच काढले. केतकीदेवी तर दुसऱ्या कुणाला कॅमेरा उचलू देत नसत. त्यांना हसताना खळी पडते ती डाव्याच गालावर, म्हणून डावीकडूनच घ्यायचं, हे प्रबीरदा आमच्या गल्लीतल्या पोरांनाही शिकवत.

नवा रोल भरला की पहिलं बटण ते स्वयंपाकघराकडे वळून दाबायचे. भरताना उजेड लागलेली फिल्म पुढे सरकवायची असायची, आणि समोर चुलीपाशी त्यांची बायको, नीलिमाबौदी असायच्या.

"केतकीदेवींच्या आधी माझा नंबर लागतो हं," त्या मला सांगायच्या.

रोल धुतला की ते पहिलं टोक कापून केरात जायचं. सव्वीस वर्षं.

बौदी चार दिवसांच्या तापात गेल्या. श्राद्धाला मांडायला फोटो हवा, तर घरात एकही निघेना. लग्नातले पुराच्या पाण्यात गेलेले. लेक तूणा म्हणाली, "बाबा, सगळ्या कलकत्त्याचे फोटो आहेत आपल्याकडे. आईचा नाही?"

ते आठ दिवस पेट्या उपसत बसले. शेवटी कापायचं राहून गेलेलं एक टोक सापडलं. ते छापलं, तर त्यात बौदी होत्या, हातात परतायची खुंती, हसत काहीतरी बोलत असलेल्या. उजवा गाल स्वच्छ, त्यावर खळी. डावी बाजू उजेडानं खाल्लेली, कोरी पांढरी.

शशधरबाबू फोटोवर ब्रश चालवणारे जुने कारागीर. म्हणाले, अर्धा चेहरा मी रंगवून देतो, संध्याकाळपर्यंत होईल. मग त्यांनी विचारलं, "खळी दोन्ही गालांवर पडायची, की एकाच?"

प्रबीरदा तिथून उठले आणि थेट शेजारी माझ्या दारात आले. सुतकातले, अनवाणी, दाढी वाढलेली. मान खाली घालून त्यांनी तोच प्रश्न मला विचारला.

मी सांगितलं, दोन्ही. आणि सांगताना मला त्यांचा इतका राग आला, की आत या म्हणायचंही राहून गेलं.

ते जिन्यात उभेच होते. म्हणाले, "तुमच्याकडून ऐकून रंगवू का आता?"

श्राद्धाला फोटो होता तसाच मांडला. तूणा काचेवर चंदनाचे ठिपके काढत होती. कपाळाच्या मध्यावर, जिथून पांढरं सुरू होतं, तिथे तिचा हात थांबला. तिनं बापाकडे पाहिलं. त्यांनी 'नको' अशी मान हलवली, आणि ठिपके तिथवरच राहिले.