फसफसलेली फरशी

हे लिहावं की नको, असं बरेच दिवस चाललं होतं. लाज वाटते. पण त्या दिवशी दत्तमहाराजांनी सांभाळलं ते सांगायचं, तर आधी माझी चूक सांगावी लागते.

माझं गाव लांब, चंद्रपूरकडं. शाळा सातवीतच सुटली. इथं शहागडजवळ, हायवेलगतच्या एका छोट्या दत्तमंदिरात मी झाडलोट करते. गुरुवारी गर्दी असते आणि शहाबादी फरशीवर तेलाचे काळे डाग. घासत बसायचा कंटाळा, म्हणून मी संडासाचं ॲसिड ओतलं. फरशी फसफसली. मला वाटलं, मळ निघतोय. दगडच खाल्ला जातोय, हे मला कुठं ठाऊक! वरवर पुसलं आणि दार उघडलं.

तीर्थपुरीच्या एक आजी नेहमी खांबापाशी उभ्या राहून जप करतात. तिथल्या खोलगटात ॲसिड साचलं होतं आणि आजी त्यातच उभ्या. साखरेच्या आजारानं त्यांच्या तळपायाला काही कळतच नाही. मला दिसलं, तरी मी गप्प राहिले. परमुलखात काम गेलं तर कुठं जाऊ? 'महाराज, माझं काम राखा,' असं म्हटलं मी. ती प्रार्थना आठवली की आजही मान खाली जाते.

आजी वळल्या तेव्हा तळवा पांढराफटक झाला होता. कुणी हळद आणायला धावलं. तेवढ्यात नारळ फोडायला थांबलेला एक टँकरवाला पुढं आला. त्याच्या मनगटाची कातडी भाजल्या पापडासारखी होती.

"ताई, इथं काय सांडलं?"

"पाणी," मी म्हणाले.

तो चिडला नाही. मनगट पुढं केलं. "माझ्या आईनं हळदच लावल्ती. वरून झाकलं, आत खातच गेलं. बराबर सांगा."

माझं काही होवो, यांचा पाय राखा, एवढं आतून आलं आणि तोंडातून निघालं, "ॲसिड."

त्यानं नळाची नळी ओढली. अर्धा तास तो पाणी सोडत होता, मी पाय धरून बसले होते. आजी म्हणाल्या, "अगं, देवाचे सोडून माझेच काय धरून राह्यलीस?" सगळे हसले. मला रडू आवरेना.

डॉक्टर म्हणाले, पाण्यानंच पाय वाचला. टँकरवाला तोवर निघून गेल्ता. तो कोण, हे मी कधी शोधलं नाही. पुजारीकाका खूप बोलले, पण कामावरून काढलं नाही. महिन्याभरानं आजी पुन्हा त्याच खांबापाशी आल्या.

आता फरशी मी साबणाच्या पाण्यानंच घासते. दार उघडायच्या आधी सगळ्या मंदिरात अनवाणी फिरून बघते, खांबापाशी जरा जास्त वेळ उभी राहते. माझ्यासाठी काही मागत नाही.