तीस फुटांवरून रंगवलेली भिंत

पेडणेकरकाका चालताना डाव्या हाताने भिंत चाचपत चालायचे. ऑफिसच्या जिन्यात, पँट्रीच्या बोळात, परळच्या फुटपाथवरसुद्धा. मध्येच थांबून भिंतीच्या पायाशी वाकायचे आणि म्हणायचे, "भिंत खालून म्हातारी होते. माणूस वरून." हे ते प्रत्येक नव्या माणसाला सांगत. मलाही पहिल्याच दिवशी सांगितलं. मी "हो का" म्हटलं आणि माझ्या जागेवर जाऊन बसले.

आमची कंपनी परदेशी व्हिडिओ गेमसाठी चित्रं करून देते. मी चित्रं काढत नाही. क्लायंटच्या मेल वाचून त्यांना काय हवंय ते आर्टिस्टना सांगते. फारसं बोलावं लागणार नाही, असं वाटलं म्हणून ही नोकरी घेतली होती. काका तीस वर्षं लालबागच्या गणपती मंडळांचे पडदे रंगवत आले होते. राजवाडे, हिमालय, रावणाचा दरबार. मंडळं एकेक करून छापील फ्लेक्सकडे वळली, तेव्हा पन्नाशी उलटल्यावर ते आमच्याकडे आले. एक मंडळ मात्र अजून त्यांच्याकडूनच पडदा घ्यायचं. ऑफिसात ते कागदावर ब्रशने भिंती रंगवत आणि पोरं त्या स्कॅन करून गेममध्ये चढवत.

तो गेम पाच भागांत येणार होता, दर दोन महिन्यांनी एक. नायिका परक्या शहरात बस चालवते. भिंतीला हात लावला की तिथे पूर्वी काय घडलं ते तिला ऐकू येतं, ही तिची शक्ती. मग मुखवटा घालून ती निघते, आणि कोणाला वाचवायचं ते खेळणाऱ्याने ठरवायचं. थोडक्यात, सगळा खेळ भिंतींवर. काका खूश होते. आमचा टीम लीड निखिल रोज त्यांच्या टेबलाशी यायचा.

"दादा, जिन्यातले हे लाल डाग काढा. तिकडे लोक पिचकाऱ्या मारत नाहीत."

"मग कोपऱ्यात करतात काय?"

"काही नाही करत."

"मग कोपरा ठेवलाय कशाला?"

निखिल हसत निघून जायचा. डाग काका काढायचे, पण कुरकुरत.

होळीच्या सुमाराला पहिला भाग आला आणि रिव्ह्यू यायला लागले. काकांचं शिक्षण नववीपर्यंत, म्युनिसिपाल्टीच्या मराठी शाळेत. डबा खाऊन झाल्यावर ते माझ्याकडे फोन घेऊन आले. "ह्याला वाचायला लावलं तर सगळं एका सुरात वाचतो. शिव्या आहेत का ओव्या, कळत नाय. तू वाच गो बाय."

पहिल्या रिव्ह्यूवाल्याने कथेचं कौतुक केलं होतं. मग लिहिलं होतं की हे शहर रंगवलेल्या पडद्यासारखं दिसतं. ते मी जसंच्या तसं सांगितलं.

"पडदा म्हणाला? पडदाच?"

"हो."

"ओळखलान बघ! सातासमुद्रापलीकडला माणूस, पण हात ओळखलान."

पुढचं वाक्य माझ्या समोर होतं. *दुरून ठीक आहे. जवळ गेलात की भिंत संपते आणि नुसता रंग उरतो, आणि या खेळात तर सतत जवळच जावं लागतं.* काका चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसत होते. मी अंगठ्याने स्क्रीन वर सरकवली.

त्या दिवशी मी फक्त एक वाक्य गाळलं होतं. दुसऱ्या रिव्ह्यूला नवीन वाक्यं घालावी लागली. तिसऱ्यापासून मी फोनकडे नावापुरतं बघत असे. शाळेत मराठीच्या तोंडी परीक्षेला माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. इथे मी "या भिंतींना वय आहे" असलं काहीतरी न अडखळता बोलत होते. काका ते मला कागदावर लिहून द्यायला लावायचे, घरी काकूंना दाखवायला. मी सुवाच्य अक्षरात लिहून द्यायचे.

एप्रिलात एका दुपारी ते मला खाली टपरीवर चहाला घेऊन गेले. तिथे त्या उरलेल्या मंडळाचे सेक्रेटरी त्यांची वाट बघत उभे होते.

"दिगूभाऊ, कापड आणायला घेऊ ना?"

"यंदा नाय जमायचं."

"चेष्टा करता काय?"

"ही बघ, हिला विचार. तिकडे काय काय छापून येतंय. आता हातातलं सोडून कसा येऊ?"

सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिलं. मी होकाराची मान हलवली.

"मग आम्ही फ्लेक्स छापायचा?"

"यंदापुरता छापा."

पुढच्या वर्षीही त्यांनी फ्लेक्सच छापला, हे मला नंतर कळलं.

काका स्वतः गेम कधी खेळले नाहीत. खेळणाऱ्या पोरांच्या खुर्चीमागे, बरेच लांब, हात मागे बांधून उभे राहायचे. मंडपात पडदा लावून झाला की तीस फूट मागे जाऊन बघायची त्यांची सवय होती. रांगेतल्या माणसाला पडदा तेवढ्यावरूनच दिसतो. ब्रशही ते त्याच हिशेबाने मारत.

"क्लायंट म्हणतोय, भिंतींना जवळून डिटेल हवंय," निखिल मला म्हणाला. "दादांना नीट समजावलंस ना?"

"समजावलं," मी म्हणाले.

तो म्हणाला, "मग ऐकत का नाहीत?" मी खांदे उडवले. दुसरा भाग आला, तिसरा आला. रिव्ह्यूंचा सूर चढत गेला. कथा चांगली, अभिनय चांगला, भिंती पुठ्ठ्याच्या, असं बहुतेकांचं म्हणणं. शेवटी क्लायंटने उरलेल्या दोन भागांच्या भिंती दुसऱ्या कंपनीला दिल्या. निखिलने काकांना मीटिंग रूममध्ये बोलावलं, रिव्ह्यू मोठ्या स्क्रीनवर लावले आणि मराठीत एकेक समजावून सांगितले. काकांना हे सगळं आधीपासून माहीत आहे, अशी त्याची समजूत होती. मी दाराजवळ बसले होते. काका शेवटपर्यंत स्क्रीनकडेच बघत राहिले. म्हणाले एवढंच, "बरं."

महिन्याच्या शेवटी त्यांना नोकरी सोडून जायचं होतं. शेवटच्या दिवशी तीनच्या सुमाराला ते पँट्रीत माझ्यासमोर येऊन बसले. फोन टेबलावर ठेवला.

"आता सगळं वाच. जसं हाय तसं."

मी पहिल्यापासून वाचलं. तासभर तरी लागला असेल. फक्त पहिल्या रिव्ह्यूतलं ते वाक्य त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग उठले, पँट्रीच्या भिंतीला नाक लागेल इतके जवळ गेले, आणि पोपडा उडाला होता तिथे नख फिरवलं.

"बरोबर लिवलंय. हा माणूस नीट बघणारा आहे. इथं बारीक चीर लागते, चिरेत धूळ, मग खालचा जुना रंग. मी जन्मभर चाळीत राहिलो, भिंत नाकासमोर. आणि रंगवली तीस फुटांवरून." ते नखानेच मला दाखवत होते, चीर कुठून कुठे न्यायची ते. आवाज चढला होता, खुशीत यायचे तेव्हा चढायचा तसा. मग एकदम वळले. "हे कधी लिवलंय ह्याने?"

"पहिला भाग आला तेव्हा."

"म्हणजे होळीत."

"हो."

त्यांनी बोटांवर महिने मोजले. दुसऱ्या भागापाशी बोट थांबलं. मग त्यांनी फोन खिशात टाकला, डबा पिशवीत घातला, आणि मला म्हणाले, "येतो गो बाय." मला रडू आलं नाही. मी कप विसळून ठेवला आणि जागेवर जाऊन चौथ्या भागाच्या मेल वाचल्या.

पाचवा भाग फार गाजला. मी काकांना फोन केला नाही. पुढच्या वर्षी दिवाळीनंतर एका सकाळी ऑफिसच्या ग्रुपवर त्यांचा फोटो आला. हार्ट अटॅक. सगळ्यांनी हात जोडले, मीही जोडले. तेरावं झाल्यावर एका रविवारी मी एकटी लालबागला गेले. काकूंना मी आधी कधीच भेटले नव्हते.

"गिरगावची, वाचून दाखवायचीस, ती तूच ना?" त्यांनी चहा ठेवला. कपाटातून कागद काढून आणले. माझं अक्षर. "हे मला पाठ झालंय सगळं. पण हे नको. जायच्या थोडं आधी एकदा म्हणाले, एकाने खरं बघितलं होतं. त्याने काय लिवलं ते काय नीट सांगितलं नाय. तुला माहीत असेल."

मला ते वाक्य पाठ होतं. मी सांगितलं. जवळ गेलं की भिंत संपते आणि नुसता रंग उरतो.

काकूंनी ऐकून घेतलं. त्यांना ते लागलेलं दिसलं नाही. कामात चूक दाखवतातच, अशा अर्थाने त्या मान हलवत होत्या.

"मग पुढल्या भागात सुधारलं असेल त्यांनी. एकदा दाखवलं की परत नाय चुकायचे."

"नाही सुधारलं."

"का गो?"

"त्यांना ते फार उशिरा कळलं."

"एवढं मोठं ऑफिस," काकू म्हणाल्या, "आणि सांगणारं कुणीच नव्हतं?"

"मी होते," मी म्हणाले.