चिनी बाईनं धरलेला हात

गंगाआत्या गेल्याचा सांगावा टेंभुर्णीहून आला, तेव्हा मी नुकतीच जेवायला बसले होते. ताट तसंच सारलं... आता महिना उलटला, पण तिची आठवण आली की दुःखाआधी नवलच दाटून येतं.

गोष्ट निजामाच्या अमलातली. आत्या काही महिन्यांसाठी जालन्याला, आमच्याकडे माहेरी आली होती. बाहेर बसायची वेळ आली की दर महिन्याला तिचं डोकं उठायचं. मागच्या पडवीत कपाळाला फडकं आवळून ती पडून राहायची. भाकर-पाणी लांबूनच सरकवायचं, शिवायचं कुणी नाही. मी परकरातली पोर, उंबऱ्यातून नुसती बघायची.

त्या दिवशी रेशमी कापड विकणारा एक चिनी माणूस बायकोसह दारात आला. आई कापड बघत होती, तेवढ्यात त्या बाईला आत्याचं कण्हणं ऐकू आलं आणि ती सरळ पडवीत गेली. आत्या ओरडली, "शिवू नका बाई, मी बाहेरची हाय!" बाईला काहीच कळलं नसावं. तिनं आत्याच्या दोन्ही मनगटांची नाडी पाहिली, जीभ बघितली, मग अंगठा आणि तर्जनीमधल्या मांसल जागेवर आपला अंगठा रोवून दाबत राहिली. ती काय सांगते ते नवरा मोडक्या हिंदुस्थानीत बोलला, "खून नीचे अटका, गरमी ऊपर चढा. ठंडा पानी नहीं. पाँव गरम पानी में रखो."

आत्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"लई दुखून राह्यलं का वन्सं?" आईनं विचारलं.

"न्हाई वहिनी... न्हातीधुती झाल्यापासून या दिवसांत मला कुणी हातच लावला न्हवता."

डोकं उठायचं एका दिवसात थांबलं नाही, पण महिन्यामहिन्यानं दुखणं उतरत गेलं. सासरी टेंभुर्णीला परतल्यावर मात्र आत्यानं जे केलं, ते मला आजही थक्क करतं. गावात कुणी बाहेर बसलेली बाई डोकं धरून कण्हतेय असं कळलं, की ही जाऊन तिचा हात हातात घ्यायची, तीच जागा दाबत बसायची. थोरल्या जाऊबाई कडाडायच्या, "घर बाटवून राह्यलीस!" आत्या म्हणायची, "ती चिनीण बाटली का? मंग मी कशी बाटंल?" तिला वाळीत टाकायच्या गोष्टी झाल्या. ती जायची थांबली नाही.

दहाव्याला मी टेंभुर्णीला गेले. घरातली धाकटी सून त्याच दिवशी बाहेर बसली होती. मी मागच्या अंगाला गेले, तर त्याच थोरल्या जाऊबाई तिचा हात मांडीवर घेऊन बसलेल्या. मला बघून त्या ओशाळल्या नाहीत, की त्यांनी हात सोडला नाही.

"कवाची दाबून राह्यले," त्या म्हणाल्या, "गंगीला बराबर जागा सापडायची गं..."