नवऱ्याने वाचून दाखवलेला सिनेमा

इथे परदेशात, आमच्या अवोन्डेल उपनगरातल्या रविवारच्या बाजारात मी मेथीची जुडी घ्यायला वाकले आणि चष्मा खाली पडला. कुणाची तरी ट्रॉली त्यावरून गेली. त्या माणसाला तेव्हा मनातल्या मनात खूप शिव्या घातल्या. आज त्याचे आभार मानते. कारण त्याच दुपारी मला एक फ्रेंच सिनेमा बघायचा होता आणि चष्म्याशिवाय खालच्या इंग्रजी ओळी म्हणजे मला नुसता पांढरा पट्टा.

कॅसेट दिली होती माझ्याबरोबर फार्मसीत काम करणाऱ्या एका विधुर गृहस्थाने. भला माणूस, माझं ऐकून घेणारा. तो वेलिंग्टनला चालला होता. "माझ्याबरोबर ये," म्हणाला होता. सोमवारी उत्तर द्यायचं होतं. मी शेहेचाळीस वर्षांची, आणि मनाने निम्मी गेलेलीच.

नवरा पुण्यात नावाजलेला डॉक्टर. इथल्या डॉक्टरकीच्या परवान्याच्या परीक्षेत दोनदा नापास झाला आणि त्याने तोंडाला कुलूपच घातलं. दूध संपलं, बिल आलं, यापलीकडे चार वर्षांत आम्ही बोललो नव्हतो. तसा तो मुळातच घुमा. लग्नाआधीच्या पत्रांतही हवामान लिहायचा.

"अहो, जरा वाचून दाखवता का?" मी म्हटलं. माझा निगरगट्टपणा बघा!

सिनेमातली बाई माझ्याच वयाची. एकीकडे नवरा, एकीकडे दुसरा. आमचे डॉक्टर केसपेपर वाचावा तसे मराठीत सांगत होते, "तो म्हणतोय, तुझ्याशिवाय करमत नाही. ती म्हणतेय, उशीर झाला." मला हसूही येत होतं आणि लाजही वाटत होती.

शेवटी सिनेमातला नवरा समुद्रावर एकटाच चालू लागला.

"तो म्हणतोय, मला सगळं कळलंय," नवरा म्हणाला. "मी गप्प बसलो आणि तू एकटी पडलीस. नापास मी झालो, शिक्षा तुला दिली. जायचं तर जा, अडवणार नाही. पण जाऊ नकोस गं."

पडद्यावर पांढरा पट्टा नव्हताच. नुसता निळा समुद्र होता. सिनेमातला नवरा कधी कुठल्या परीक्षेला बसलाही नव्हता.

सोमवारचं उत्तर माझ्यापुरतं तिथेच ठरलं. पण मी पडद्यावरची नजर काढली नाही. काढली असती तर तो पुन्हा गप्प झाला असता.

"पुढे काय म्हणतोय तो?" मी विचारलं.