बिनहाराचा फोटो

अंबरनाथच्या आमच्या दोन खोल्यांत आईचा फोटो होता, पण त्याला हार नव्हता. शेजारपाजारच्या सगळ्या गेलेल्या माणसांना चंदनाचे नाहीतर प्लास्टिकचे हार असत, दसऱ्याला झेंडूचे. आमच्याकडे नुसती चौकट. मला वाढवणारी आत्या दर दसऱ्याला आईसाठी म्हणून एक हार आणायची, बाबा तो देवाच्या फोटोला घालायचे, आणि आत्या दिवसभर भांडी आपटायची. बाबांचा आईवर इतका जीव होता की ती गेली हेच त्यांना मान्य नाही, अशी मी माझी समजूत करून घेतली होती. मला ते फार आवडायचंही.

आई गेली तेव्हा मी अडीच वर्षांची होते. तिचं मला काही म्हणजे काही आठवत नाही. आठवतो तो फोटो. काळा-पांढरा, वरून हातानं रंग दिलेला. हिरवी काठाची साडी, डावा खांदा जरा उतरलेला, मानेवर कानाखाली तीळ. आणि डोळे. ते चेहऱ्याच्या मानानं मोठेच होते, आणि खोलीत मी कुठंही बसले तरी माझ्यावरच असायचे. फोटोतले डोळे सगळ्यांकडेच बघतात हे पुढं चित्रकला शिकताना कळलं. लहानपणी मात्र मला त्यांची भीती वाटायची, आणि आईची भीती वाटते म्हणून शरमही वाटायची. अभ्यासाला मी फोटोकडे पाठ करून बसायचे. मग मानेवर काहीतरी आहे असं वाटत राहायचं.

आता मी पन्नाशीला टेकले आहे. बदलापूर गावात राहते, जलरंग आणि कोलाज करते, आणि गेली कित्येक वर्षं तोच चेहरा काढते. कागदावर ओला रंग सोडायचा, त्यावर जुन्या लग्नपत्रिका, कापडाचे तुकडे चिकटवायचे आणि त्यातून आई वर येऊ द्यायची. प्रदर्शनाला येणारे लोक गंभीर होऊन म्हणतात, ‘स्मृतीचा शोध.’ मी मान डोलावते. शोध कसला आलाय? तो तीळ मी डोळे बांधूनसुद्धा जागच्या जागी दिला असता.

मागच्या वर्षी जीन्सच्या चिंध्या आणायला मी उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये गेले होते. पोतं भरेपर्यंत वर घरात बसा, असं कारखान्याचा मालक म्हणाला. वर त्याची म्हातारी आई होती. सिंधी घरातल्या रीतीप्रमाणे तिनं पाणी आणि भाजलेला पापड पुढं केला. पापड घेताना मी मान वर केली, आणि समोरच्या भिंतीवर माझी आई होती.

म्हणजे साडी तीच होती. काठ तोच, पदराच्या चुण्या त्याच, डावा खांदा तसाच उतरलेला. कानाखाली तीळ. आणि त्या मानेवर दुसऱ्याच कुणा बाईचं तोंड. चंदनाचा हार घातलेलं. माझ्या मुठीत पापडाचा चुरा झाला.

“ये कौन?” मी विचारलं.

“मेरी सास,” म्हातारी म्हणाली. “साडी उसने जिंदगी में नहीं पहनी. सुथण-कुडता पहनती थी. मरने के बाद पहनी.” आणि ती खुदुखुदु हसली. “दो नंबर कॅम्प के बाजार में फोटोवाला था ना, उसके पास बॉडी तैयार रहती थी. तुम सिर्फ मुंडी लाके दो. इधर बहुत घर में यही साडी मिलेगी तेरे को.”

येताना शेअर रिक्षात पोतं मांडीवर घेऊन बसले होते. भर दुपार होती, रस्ता माणसांनी फुलला होता, तरी दोन्ही बाजूंच्या उघड्या खिडक्यांकडे बघायची माझी छाती झाली नाही. आत कुठल्या कुठल्या भिंतींवर तो उतरलेला खांदा असेल.

माझ्याकडे फोटोची एक प्रत होती. घरी आल्यावर मी तिच्यातलं जे आईचं नाही ते कागदानं झाकत गेले. साडी गेली, खांदे गेले, मान, तीळ, कान, केस. उरला नुसता चेहरा. निदान तो तरी तिचा आहे ना, म्हणून मी भिंग घेऊन बघत बसले. डोळ्यांच्या भोवती ब्रशची एक बारीक रेघ होती. जन्मभर तुकडे जोडलेत मी, जोड मला लगेच दिसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच अंबरनाथ गाठलं. आत्या आता नाही, बाबा एकटेच असतात. ते खिडकीशी पेपर वाचत होते.

“बाबा, हे डोळे कुणाचे?”

त्यांनी पेपरची नीट घडी केली. ती घडी परत उघडली, परत घातली.

“तुझे,” ते म्हणाले.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. “एकच फोटो होता तिचा. तुझ्या मामाच्या लग्नातला. त्यात नेमके डोळे मिटलेले. तेराव्याला फोटो तर पाहिजे. फोटोवाला बोलला, मिटलेले डोळे भिंतीवर चांगले दिसत नाय, घरात कुणाचे तसे असतील तर घेऊन या. तुझे अगदी तिच्यावर गेले होते. मग तुला स्टुलावर बसवली. रडलीबिडली नाहीस. नुसती बघत होतीस.”

“म्हणून हार नाही घातलात कधी?”

“जित्या पोरीच्या डोळ्यांवर हार घालू? काय डोकं फिरलंय का तुझं?”

मला रडू यायला हवं होतं, पण आला तो संताप. ज्या नजरेला घाबरत मी वाढले ती माझीच होती. त्या घरात आई कधी नव्हतीच. मी होते, दोनदा.

बाबांनी पलंगाखालची ट्रंक ओढली आणि तळातून मामाच्या लग्नाचा फोटो काढला. पुढच्या रांगेत खुर्चीवर एक बाई, आणि तिच्या चेहऱ्याच्या जागी भोक. फोटोवाल्यानं ब्लेडनं तोंड कापून घेतलं होतं, परत चिकटवून देतो म्हणाला होता, दिलंच नाही. भोकाखाली मात्र आई होती. तिचे स्वतःचे खांदे, दोन्ही सरळ. मांडीवर वर्षाची मी, टक्क डोळ्यांनी कॅमेऱ्याकडे बघणारी. आणि माझ्या पोटावर तिचा हात. आईला हात होते हे मी पहिल्यांदा बघत होते.

“जोडता येईल का तुला?” बाबांनी विचारलं.

त्या फोटोतला आई आणि मांडीवरची मी एवढाच भाग मी जाड कागदावर मोठा छापून घेतला. माझ्याकडच्या प्रतीतला चेहरा, डोळ्यांसकट, कापून त्या भोकात बसवला. मग डोळ्यांवर पातळ जलरंगाच्या पापण्या चढवल्या, एकावर एक, मधे वाळू देत. माझे डोळे मी माझ्या हातानं मिटवले. तीन दिवस लागले.

बाबांनी चित्र हातभर लांब धरलं. बराच वेळ बघितलं.

“हां. ही.”

एवढंच बोलून त्यांनी चपला घातल्या आणि बाहेर गेले. आले ते चंदनाचा हार घेऊन. जुना फोटो खिळ्यावरून काढून माझ्या हातात दिला, नव्यापुढं हार धरून उभे राहिले आणि तिथंच थांबले.

“तू आहेस ह्यात,” ते म्हणाले.

मी कात्री घेतली. तिचा हात माझ्यावरून आलेला, तेव्हा सरळ कापून भागणार नव्हतं. एकेका बोटाच्या कडेनं जावं लागलं. बाबा शेजारी उभे राहून बघत होते, आणि मधेच म्हणाले, “सांभाळून, बोट नको तुटायला.” चौथं बोट सुटलं तेव्हा मी बाजूला निघाले आणि आईचा हात मोकळ्या जागेभोवती तसाच वळलेला राहिला. बाबांनी हार घातला.

माझा तुकडा माझ्याकडे आहे. वर्षाची मुलगी, डोळे उघडे, पोटाशी चार बोटांची खाच. तो मी अजून कशावरही चिकटवलेला नाही.