दुपट्ट्याखालची मुलाखत

समोर माणूस बसलेला असला, तर दामिनी वाटाणेला कुणाचीही भीती वाटत नसे. अमरावतीला राजापेठेतल्या एका शिकवणी वर्गात ती दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवायची. खाली दुचाक्यांचे हॉर्न वाजत असायचे, पण वरच्या मजल्यावर शेवटच्या बाकापर्यंत तिचा आवाज स्वच्छ पोचायचा. सुट्ट्या पैशांवरून ती बसच्या कंडक्टरशी भांडायची, आणि उतरताना त्यालाच पाणी विचारायची. पण फोनवर परका माणूस असला आणि तो मध्येच गप्प झाला, की ही दामिनी पार गडबडून जायची.

गडबडून ती गप्प झाली असती तरी चाललं असतं. ती बोलायला लागायची.

हल्ली कंपन्या पहिली मुलाखत फोनवरच घेतात. पलीकडचा माणूस प्रश्न विचारतो, उत्तर ऐकतो, काहीतरी लिहून घेतो आणि मग पुढचा प्रश्न विचारतो. ही लिहून घेण्याची मधली जागा दामिनीला सोसायची नाही. त्या शांततेत तिला वाटायचं, आपलं उत्तर चुकलं. मग ते सावरायला ती पुढे बोलायची, आणि सावरता सावरता सगळं सांडून ठेवायची.

खताच्या कंपनीने विचारलं, अनुभव किती?

"दोन वर्षं," दामिनी म्हणाली. पलीकडे शांतता.

"म्हणजे पूर्ण दोन नाही. मध्ये मला कावीळ झाली होती." शांतता.

"पण आता बरी आहे. डोळेसुद्धा पांढरे आहेत."

ठिबक सिंचनवाल्यांनी स्वभाव विचारला. शांत आहे, असं तिने सांगितलं. तेही शांत राहिले. तेव्हा तिने आपण होऊन सांगितलं, की एकदा वर्गात डस्टर फेकून मारलं होतं, पण ते कुणाला लागलं नव्हतं, नेम चुकला होता. तिसऱ्या कंपनीच्या बाई म्हणाल्या, तुम्हालाच का घ्यावं? दामिनीने छान उत्तर दिलं. बाई लिहीत असाव्यात. तेवढ्या वेळात दामिनी म्हणाली, "तशी माझी मैत्रीण नीलम माझ्यापेक्षा हुशार आहे. नंबर देऊ का?"

बाईंनी नंबर घेतला. नीलमला नोकरी लागली. ती पेढे घेऊन आली, गळ्यात पडली, रडली. दामिनीने दोन पेढे खाल्ले. पेढे चांगले होते, हेच तिला जास्त लागलं.

त्या उन्हाळ्यात राजापेठेतला वर्ग बंद व्हायचा होता. मालकाने जागा मोबाइलच्या दुकानाला दिली होती. पुण्यात मनोजदादाने, म्हणजे तिच्या चुलतभावाने, एका गोदामात पावत्या करायचं काम पाहून ठेवलं होतं. दामिनीचं शिक्षण शेतीतलं. तिला माती, बियाणं, कीड यांच्याबद्दल बोलायचं होतं, पावत्या फाडायच्या नव्हत्या; आणि चांदूर बाजारच्या आईबापांपासून एवढं लांब जायचं नव्हतं. अशात अकोल्याच्या एका बियाण्याच्या कंपनीचा निरोप आला. शेतकऱ्यांचे फोन घेऊन त्यांना सल्ला द्यायचं काम होतं. मुलाखत अर्थातच फोनवर. ही गेली तर पुणे, असं तिने मनाशी ठरवलं आणि चार दिवस आधीच घरी येऊन बसली.

तिचे वडील शेषराव यांची थोडी काळी जमीन होती. ती कसून उरलेला जीव त्यांनी बैलबाजाराला वाहिलेला होता. बाजाराच्या दिवशी ते दलाली करत. बैलाचा भाव तिथे कुणी तोंडाने बोलत नाही. घेणारा आणि दलाल एकमेकांचा हात धरतात, वरून दुपट्टा टाकतात, आणि सगळा सौदा त्या कापडाखाली बोटांनी चालतो. बघणाऱ्यांना दोन निर्विकार चेहरे तेवढे दिसतात. शेषरावांचा चेहरा तर इतका निर्विकार, की त्यांना पाहून बैलालाही काही कळत नसे.

नीलमच्या नोकरीची हकिगत ऐकून ते म्हणाले, "थे बाई चूप झाली, तं तू काहून बोलली वो?"

"मंग काय करू बाबा? तिकडून आवाजच नाई येत. मले वाटते, आपलं चुकलं."

"चुकलं नसते. गिऱ्हाईक इचार करत असते. त्यानं ईचारलं बैलाचं वय, अन तू मंधातच सांगून देते, याले मागच्या साली खरूज झाली होती."

"म्हंजे खोड लपवाची?"

"लपवाची नाई. ईचारली तं सांगाची. न ईचारता काहून?"

"अवो, पोरगी हाय ते आपली," आतून माणिकबाई म्हणाल्या. "बैल बैल काय लावलं?"

माणिकबाई ही दामिनीची आई. नवऱ्याच्या गप्प बसण्याबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतं. "मले पाहाले आले होते ना हे," त्या पोळी लाटता लाटता सांगू लागल्या, "तवा चहा संपला, पोहे संपले, तरी तोंडातून शब्द नाई. माह्या मामानं शेवटी यायच्या भावाले ईचारलं, पोरगा मुका तं नाई ना?"

"पन सौदा झाला का नाई?" शेषराव म्हणाले.

"झाला. आता भोगून राहिली मी."

शेषरावांनी मग खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि बाजेवर लेकीजवळ बसून तिचा हात हातात घेतला. दोराने घट्टे पडलेला तो तळवा दामिनीच्या हाताला ओळखीचा होता, पण फार जुन्या ओळखीचा. लहानपणी मोझरीच्या यात्रेतल्या गर्दीत हरवू नये म्हणून त्यांनी तो असाच धरला होता. त्यानंतर बापलेकींनी कधी हात धरल्याचं तिला आठवेना. तिला थोडं लाजल्यासारखं झालं. शेषरावांनाही झालं असावं, कारण त्यांनी घाईने वर दुपट्टा टाकला.

"मूठ दाबली का चूप. करंगळी ओढली का बोल. बस."

"अन बाकी बोटं?"

"बाकी बोटं बाजाराची हायत. ते तुले नाई सांगत."

सराव सुरू झाला. स्वयंपाकघरातून माणिकबाईंनी फोन लावायचा आणि मुलाखत घ्यायची, असं ठरलं. त्यांनी घसा साफ करून विचारलं, "तुमाले स्वयंपाक येते का?"

"येते," दामिनी म्हणाली.

शांतता झाली. दामिनीचे ओठ उघडले. दुपट्ट्याखाली मूठ दाबली गेली. ओठ मिटले. आणखी थोडा वेळ गेला, आणि फोनमधून व स्वयंपाकघरातून एकदमच आवाज आला, "येते म्हने! परवाची पोळी कुत्र्यानं हुंगून सोडली!"

चूप बसणं या घरात एकालाच येत होतं, हे त्या दिवशी सगळ्यांना पटलं. पण तीन दिवसांत दामिनीला निदान श्वास घेण्यापुरती जागा सापडली.

मुलाखतीच्या सकाळी बाज ओसरीत टाकली. दामिनीचा एक हात दुपट्ट्याखाली अडकलेला, म्हणून फोन स्पीकरवर ठेवायचा होता. आणि आवाज मोठा यावा म्हणून माणिकबाईंचा दुधाचा गंज आणून तो फोन त्यात उभा केला. गंज म्हणजे त्यांचं उभट पातेलं. फोन वाजला, दामिनीने आत हात घालून तो उचलला, आणि गंजातून आवाज घुमला, "नमस्कार. मी देवानंद इंगळे, अकोल्याहून."

ओसरीतली मांजर उठून गेली.

साहेबांनी अनुभव विचारला. "दोन वर्षं," दामिनी म्हणाली. शांतता. कावीळ अगदी जिभेवर आली. मूठ दाबली गेली. कावीळ परत गेली.

"छान," गंज म्हणाला.

दामिनीने वडिलांकडे पाहिलं. ते समोरच्या कडुलिंबाकडे पाहत होते, जसा काही त्यांचा या सौद्याशी संबंधच नव्हता.

"समजा, एका शेतकऱ्याचा फोन आला," साहेब म्हणाले. "बियाणं उगवलं नाही म्हणून तो शिव्या देतोय. काय कराल?"

या वेळी दामिनीच गप्प झाली. करंगळी ओढली गेली. "आधी त्यांना पूर्ण बोलू देईन," ती म्हणाली. "मग विचारीन, पेरलं कधी, किती खोल, पाऊस पेरणीच्या आधी झाला की नंतर. चूक कुणाची, ते सगळ्यात शेवटी."

पुन्हा शांतता झाली, पुन्हा मूठ, पुन्हा "छान".

"आता शेवटचं. पोरं येतात, शिकतात आणि दोन महिन्यांत पुण्याला पळतात. तुम्ही वर्षभर तरी राहाल ना आमच्याकडे?"

"राहीन."

गंजात काहीतरी बारीकसं टुक्‌ झालं. साहेबांनी पेन ठेवलं असेल. मग शांतता. मूठ दाबलेलीच होती. दामिनी गप्प बसली. एक खार कडुलिंबावरून उतरली, अंगण ओलांडून गेली. शेजारच्या पार्बताबाई धुणं वाळत घालायला आल्या, दुपट्ट्याखाली हात घालून बसलेल्या बापलेकींकडे टक लावून पाहू लागल्या, आणि सगळं धुणं वाळत घालून आत गेल्या. दामिनी गप्पच. एवढी शांतता तिने आयुष्यात कधी सोसली नव्हती. आणि आता तर ती सोसावीही लागत नव्हती. तिला ती चक्क आवडायला लागली. करू दे साहेबांना विचार. वर्षभराचा प्रश्न आहे. शेषरावांच्या निर्विकार चेहऱ्यावरही, ओळखीच्या माणसालाच कळेल इतपत, समाधान उतरलं होतं.

तेवढ्यात माणिकबाई दुधाची बरणी घेऊन बाहेर आल्या. "झालं का वो? माहा गंज पाह्यजे."

शेषरावांनी मोकळ्या हाताने त्यांना जोरात हाकललं. माणिकबाई हलल्या नाहीत. त्यांनी गंजात डोकावून पाहिलं.

"काय आयकून राहिले तुमी? हे तं बंद हाय!"

फोन केव्हाच कट झाला होता. ते टुक्‌ पेनाचं नव्हतं.

यानंतर जे झालं ते त्या घरात आधी कधी झालेलं नव्हतं. शेषराव बोलायला लागले. "आता त्याले सांग, लाईन गेली. नाई तं सांग, बापाची तब्येत बिघडली. नाई, तसं नको. अथी टावरच नाई म्हनून सांग. मी बोलू का त्याच्याशी? माही चूक हाय म्हन्तो. म्याच दाबून ठेवलं तुले. पुण्याले जाशीन आता माह्या पायी..." चेहऱ्यावरचा सगळा बाजार उठून गेला होता आणि तिथे नुसता एक घाबरलेला बाप उरला होता.

दामिनीने दुपट्ट्याखालची त्यांची मूठ आपल्या हातात घेतली आणि दाबली. शेषराव गप्प झाले.

तिने दुसऱ्या हाताने गंजातून फोन काढला, नंबर लावला आणि कानाला धरला.

"साहेब, दामिनी वाटाणे. फोन कट झाला होता."

"अहो, मला वाटलं तुम्हीच ठेवलात," साहेब म्हणाले. "'राहीन' म्हणालात आणि लगेच गेलात."

"नाही साहेब, मी इथंच होते. तुम्ही विचार करत असाल, म्हणून गप्प बसले होते."

"बंद फोनवर?"

"हो."

पलीकडे शांतता झाली. दामिनीला वाटलं, गंजाचं सांगावं, दुपट्ट्याचं सांगावं, एकूण आपण अशा बावळट नाही हेही सांगावं. तिची मूठ दाबायला आता कुणी नव्हतं. शेषरावांचीच मूठ तिच्या हातात होती. ती गप्प राहिली. फोन कानाला असल्यामुळे आईबापांना ऐकू काहीच येत नव्हतं.

"पुन्हा कट झाला का?" माणिकबाईंनी कुजबुजत विचारलं. दामिनीने मान हलवली. नाही.

मग पलीकडे साहेब हसले. बराच वेळ हसले, आणि काहीतरी बोलले. दामिनी म्हणाली, "बरं साहेब. येते." आणि तिने फोन खाली ठेवला.

ती काहीच बोलली नाही. कडुलिंबाकडे पाहत राहिली.

"काय म्हने थो?" शेषराव म्हणाले.

दामिनी गप्प.

"बोल ना वो माय! काय म्हने?"

"आता कसं वाट्टे?" माणिकबाई म्हणाल्या आणि गंजात दूध ओतता ओतता इतक्या हसल्या, की थोडं खाली सांडलं. "पोट्टी तुमच्यावरच गेली!"

शेषरावांनी शेवटी लेकीची करंगळी ओढली.

"सोमवारी बोलावलं," दामिनी म्हणाली. "कागदं घेऊन या म्हने. कामालेच."

आता ती अकोल्याला असते. दिवसभर शेतकऱ्यांचे फोन घेते, आणि पलीकडचा माणूस थांबला तर आपणही थांबते. मात्र फोन चालू आहे ना, हे एकदा पाहून घेते. संध्याकाळी शेषरावांचा फोन येतो.

"जेवली का?"

"हो. तुमी?"

"हाव."

त्यानंतर शेषराव काही बोलत नाहीत. फोनही ठेवत नाहीत. दामिनी भाजी निवडते, कपड्यांच्या घड्या करते. मध्येच तिला शंका येते. ती फोन हातात घेऊन पाहते. सेकंद चाललेले असतात.

"बाबा?"

"अथीच हाय," शेषराव म्हणतात.