काळ्या पट्टीखालचं नाव

फौजदारांवर मी काही लिहावं इतका मी त्यांना ओळखत नव्हतो. डॉक्टरांच्या एका मासिकात आम्ही बरीच वर्षं एकाच खोलीत बसलो, मधे एक कपाट. त्यांना मुलं किती, हेसुद्धा मला नक्की सांगता येणार नाही. फौजदार हे नाव त्यांच्या माघारी पडलेलं. समोर मी त्यांना नुसतं ‘अहो’ म्हणायचो.

लेखांबरोबर येणारी एक्स-रे, स्कॅनची चित्रं छपाईसाठी आणि संगणकाच्या पडद्यावर निघणाऱ्या अंकासाठी तयार करणं हे त्यांचं काम. पडद्यावर छान दिसणारी करडी छटा कागदावर काळीकुट्ट होते, म्हणून ती आधीच उजळायची. कोपऱ्यातलं रोग्याचं नाव झाकायचं. मी मुद्रितं तपासायचो, चित्राखालच्या ओळी चित्राशी जुळवायचो. मूळ चित्रं आम्ही दोघंच बघत असू.

त्यांचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता. डॉक्टर मंडळी घाईत एकाची छाती दुसऱ्याच्या नावावर खपवतील, असं त्यांना कायम वाटे. म्हणून ते नाव पुसत नसत. त्यावर काळी पट्टी ठेवत आणि अंक छपाईला जाईपर्यंत ती पुन्हा पुन्हा उचलून खाली तोच माणूस आहे ना, बघत.

पानं लावणाऱ्या बाई हसायच्या. “अहो, तो काय पळून जाणार आहे का?”

“पळत नाहीत हो. बदलतात.”

एके सकाळी एक गृहस्थ तरातरा संपादकीणबाईंच्या टेबलाशी गेले. त्यांच्या बहिणीच्या फुफ्फुसाचा फोटो आमच्या अंकात होता. लग्नाआधीचं ते दुखणं तिनं सासरी लपवलं होतं. आता ते घरभर झालं होतं आणि बहीण माहेरी येऊन बसली होती.

“तिच्या दिराची मुलगी डॉक्टरकी शिकते. म्हणते, तुमच्या मासिकात नाव वाचलं. हा बघा अंक! नाव तर काळं केलंय. म्हणजे इथलंच कुणीतरी तिला बोललं.”

संपादकीणबाईंनी आम्हा दोघांना आत घेतलं. “नाव फोडणारा सापडला नाही, तर दोघंही घरी बसा.”

बाहेर येताच फौजदारांनी मला गाठलं. “तुमची सून रुग्णालयात आहे ना?”

“बँकेत.”

“आणि तिच्या माहेरचं कुणी?”

मी मुद्रितांकडे वळलो. पण मीही त्यांच्याकडे चोरून बघू लागलो. इतकी वर्षं पट्ट्या उचलून नावं वाचणारा माणूस. एखादं तोंडातून गेलं नसेल कशावरून?

दुपारी मी पडद्यावरचा अंक उघडला. माझा संगणक माझ्यासारखाच, दम खात चालणारा. फौजदार पाठीमागे येऊन उभे राहिले.

“काय शोधताय?”

“तेच पान.”

पान हळूहळू उमटू लागलं. आधी मजकूर आला. मग छाती आली, कोपऱ्यात बहिणीचं नाव आलं, आणि मग सावकाश काळी पट्टी त्यावर येऊन बसली.

“परत उघडा.”

मी परत उघडलं. नाव. मग पट्टी.

कागदावर पट्टीखालचं काही दिसत नाही. पडद्यासाठी मात्र ती चित्रातच मुरवून टाकायला हवी होती. ती नुसती वर ठेवलेली राहिली. त्यांच्या चपळ संगणकावर हे कधी डोळ्यांना दिसलंच नसतं; त्या डॉक्टरकी शिकणाऱ्या मुलीचा मात्र माझ्यासारखाच असणार.

“तुम्ही याला काही केलंत?” एवढं होऊनही त्यांनी विचारलं.

“मी फक्त उघडलं.”

ते टेबलाखाली वाकले, वायरी बघितल्या, उठले. चष्मा पुसला. मग सरळ बाईंच्या खोलीत गेले. दार उघडंच होतं.

“सापडला,” ते म्हणाले. “मीच.”

तो अंक पडद्यावरून लगेच काढला. बहीण सासरी परत गेली की नाही, ते आम्हाला कळलं नाही. फौजदारांना त्याच दिवशी जायला सांगितलं. ते डबा आणि कपाटावरची छत्री घेऊन दाराशी आले. मी खुर्चीतून उठलो.

“खिडकी लावून घ्या जाताना,” ते म्हणाले.

“लावतो.”

“कडीसुद्धा?”

“कडीसुद्धा.”